गोमुखाच्या वाटेवर दोनदा

गोमुखाला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गोमुख पाहिले नाही. गंगोत्रीहून चौदा किलोमीटर चालून गेलो आणि अखेरचे चार किलोमीटर उरले असताना परत फिरलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा ते दिसले. या दोन्ही प्रवासांची हकीकत लिहावी असे मनात आले, ते पराक्रम सांगण्यासाठी नव्हे. साठी ओलांडल्यानंतर यात्रा कंपनीच्या मागे न जाता, आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने हिमालयात फिरावे अशी इच्छा असणारे अनेक वाचक असतील. आम्ही केलेली चूक त्यांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

मी छत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझी पत्नी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवीत असे. आठवीच्या, नववीच्या कितीतरी तुकड्यांना तिने हिमनदी शिकवली असेल. फळ्यावर खडूने दोन डोंगर, त्यांच्यामधून खाली सरकणारा पांढरा पट्टा, कडेला हिमोढ आणि टोकाला उगम पावणारी नदी, ही आकृती तिला झोपेतही काढता आली असती. निवृत्तीच्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, “इतकी वर्षं मी मुलांना हिमनदी शिकवली, पण स्वतः एकदाही पाहिली नाही.” त्या वाक्यातून हा प्रवास निघाला.

मुलाने एका यात्रा कंपनीची माहितीपत्रके आणून दिली. त्यांत सर्व सोयी होत्या. परंतु पहाटे अमुक वाजता निघायचे, अमुक वाजता पोहोचायचे, मागे राहणाऱ्यासाठी तुकडी थांबणार नाही, असे सारे बांधलेले. आमची चाल मंद, आहाराचे नियम वेगळे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची सवय. म्हणून स्वतंत्रपणे जावयाचे ठरले. गोमुखापर्यंतची पायवाट ठळक आहे. अनुभवी वाटाड्याची गरज त्यापुढे तपोवनाला जाणाऱ्यांना पडते. आम्हाला तपोवनाला जायचेच नव्हते.

गोमुख हे गंगोत्री हिमनदीचे मुख. ही हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांबीची असून चौखंबा या ७,१३८ मीटर उंचीच्या पर्वताच्या परिसरातून खाली उतरते. तिच्या मुखातून भागीरथी बाहेर पडते आणि पुढे देवप्रयागला अलकनंदेस मिळाल्यावर तिला गंगा हे नाव लाभते. हा सर्व प्रदेश उत्तरकाशी जिल्ह्यातील गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे २,३९० चौरस किलोमीटर असून हिमबिबट्या, भरल, कस्तुरीमृग यांचे ते आश्रयस्थान आहे.

राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे वनखात्याचा परवाना आवश्यक असतो आणि एका दिवसात दीडशेच व्यक्तींना प्रवेश मिळतो. परवाना दोन दिवसांचा असतो. जास्त दिवस राहायचे तर जादा शुल्क भरावे लागते. गंगोत्रीपासून सुमारे दोन किलोमीटरवर कनखू येथे चौकी आहे. तेथे आपल्याजवळच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची नोंद होते व अनामत रक्कम घेतली जाते. परतताना त्या वस्तू दाखविल्या की अनामत परत मिळते. आयुष्यभर अनामत रकमा सांभाळलेल्या मला ही पद्धत फार आवडली. आमच्या नावावर बिस्किटांचे चार पुडे, औषधांची पाकिटे आणि दोन बाटल्या लागल्या होत्या.

पहिला प्रवास मे महिन्याच्या अखेरीस झाला. तत्पूर्वी तीन महिने मी एका वहीत सर्व आखणी करीत होतो. पहिला मुक्काम हरिद्वार, दुसरा उत्तरकाशी, तिसरा गंगोत्री, चौथा भोजबासा, पाचव्या दिवशी सकाळी गोमुख पाहून परत. प्रत्येक दिवसापुढे अंतर, वेळ आणि खर्च. शिदोरीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, राजगिऱ्याच्या वड्या. शिवाय भाजून ठेवलेला रवा, म्हणजे गरम पाणी मिळाले की सांजा तयार. वहीत काही राहिले नाही, अशी माझी खात्री होती.

गंगोत्रीहून सकाळी सातला निघालो. मंदिराच्या मागून पायऱ्या चढल्या की वाट सुरू होते. उजव्या हाताला खोल दरीतून भागीरथी वाहत असते आणि तिचा घोष पूर्ण वाटभर सोबत करतो. आरंभी देवदार, मग चीड. समोर दरीच्या टोकाशी भागीरथी शिखरांचा समूह दिसू लागतो. त्यांतले सर्वांत उंच शिखर ६,८५६ मीटरचे. वाट अवघड म्हणावी अशी नाही. चढ हळूहळू वाढत जातो. मधूनमधून ओढे लागतात आणि त्यांवर लाकडी ओंडक्यांचे साकव टाकलेले असतात. नऊ किलोमीटरवर चीडबासा. येथे चीड वृक्षांचा अखेरचा दाट समूह आहे आणि उंची सुमारे ३,६०० मीटर.

चीडबासाला आम्ही दुपारी एक वाजता पोहोचलो. पत्नी दगडावर बसली आणि म्हणाली, “डोकं जरा जड वाटतंय हो.”

“ऊन लागलं असेल,” मी म्हणालो. “आता पाचच किलोमीटर राहिलेत. थोडा चहा घे, बरं वाटेल.”

तिने चहा अर्धा ठेवला. दशमीचा एक तुकडा मोडला आणि तोही परत डब्यात ठेवला. हे मी पाहिले होते. परंतु माझ्या वहीत त्या तारखेपुढे ‘मुक्काम भोजबासा’ असे लिहिलेले होते. लिहिणारा मीच; तरी ते जणू वरिष्ठ कार्यालयाचे परिपत्रक असावे, तसा मी ते पाळीत होतो. आम्ही उठलो आणि पुढे निघालो.

चीडबासाच्या पुढे झाडी संपत जाते आणि गिला पहाड नावाचा ढासळता डोंगर लागतो. वरून दगडगोटे सुटत असतात. कधी वारा ते सोडतो, कधी वर चरणारे भरल. येथे थांबायचे नसते. एरवी लगबगीने पार करण्याचा तो पट्टा. पण ती दर वीस-पंचवीस पावलांवर उभी राहत होती. तिच्या पाठीवरची पिशवी मी घेतली. भोजबासाला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता.

भोजबासा ३,८०० मीटरच्या आसपास आहे. तेथे राहण्याची साधी सोय होते. गरम खिचडी समोर आली, पण तिला वासही सहन झाला नाही. रात्री झोप नाही. दोनच्या सुमारास तिला उलटी झाली. डोके दोन्ही हातांनी धरून ती भिंतीला टेकून बसली होती आणि मी शेजारी बसून तिचे श्वास मोजत होतो. दूरध्वनीला संपर्क नाही, वाहन नाही, रस्ता चौदा किलोमीटरवर. त्या रात्री मला भीती वाटली. स्वतंत्रपणे जाणे याचा अर्थ मला तोपर्यंत फक्त अर्धाच कळला होता. कुठे जायचे, केव्हा निघायचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मी घेतले होते. परंतु केव्हा थांबायचे हे ठरविण्याची जबाबदारीही त्याच खात्यात जमा होते, हे लक्षात आले नव्हते. तुकडीबरोबर असतो तर कोणी अनुभवी माणूस चीडबासालाच म्हणाला असता की, आज पुढे नको. येथे तो माणूस मीच असायला हवा होतो.

पहाटे तेथील एका वृद्ध सेवकाने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि मला म्हटले, “माताजी को नीचे ले जाइए। गोमुख कहीं नहीं जाएगा।”

पत्नीचे म्हणणे वेगळे होते. “तुम्ही जाऊन या. चारच किलोमीटर आहे. मी इथे पडून राहते. इतक्या लांब येऊन दोघांनीही न पाहता परत जायचं का?”

येथे खरे ते लिहिले पाहिजे. क्षणभर मी मनात हिशेब केला: जायला दोन तास, यायला दीड तास, साडेदहापर्यंत परत. बाहेर आकाश निरभ्र होते आणि भागीरथी शिखरांवर पहिले ऊन पडत होते. मग माझे लक्ष तिच्या बुटांकडे गेले. रात्री तिला ते काढताही आले नव्हते. नाड्या तशाच बांधलेल्या होत्या. मी दोन्ही पिशव्या पाठीवर आणि पोटावर अडकवल्या आणि आम्ही खाली निघालो.

उतरण्याचे औषध किती झटपट लागू पडते, ते त्या दिवशी पाहिले. चीडबासाला येईतो डोकेदुखी निम्मी झाली होती. देवदार दिसू लागले तेव्हा तिने स्वतःहून पाणी मागितले. संध्याकाळी गंगोत्रीत, दिवस मावळण्यापूर्वी, तिने वरण-भात मागितला आणि पोटभर खाल्ला. मी मात्र त्या ताटासमोर बराच वेळ नुसता बसून होतो.

घरी आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी कागदावर उंचीचे आकडे मांडायला लावले. हरिद्वार सुमारे ३०० मीटर, उत्तरकाशी सुमारे १,१५०, गंगोत्री सुमारे ३,१००, भोजबासा ३,८००. चार रात्रींत आम्ही साडेतीन हजार मीटर वर गेलो होतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असा गिर्यारोहण-वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला आहे. भोजबासाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच उरतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर त्याला सरावते. पण त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात. डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, निद्रानाश ही शरीराने दिलेली पूर्वसूचना असते. ती मिळाली की वर जायचे नाही, आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरायचे. ती दुर्लक्षिली तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेतू शकते. वय कमी असो वा अधिक, शरीर काटक असो वा नाजूक, हा त्रास कोणालाही होऊ शकतो. खर्चाचा ताळेबंद माझ्या वहीत रुपयापर्यंत जुळला होता. उंचीचा रकाना मी आखलाच नव्हता.

पुन्हा जाण्याचा विषय मी काढला नाही. तो तिनेच काढला. “या वेळी वही माझ्याकडे,” ती म्हणाली. तिची एक अटही होती. वाटेत ज्याने ‘थांबूया’ असे म्हटले त्याला कारण विचारायचे नाही, दोघांनी थांबायचे.

दुसऱ्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, आम्ही निघालो. पावसाळ्यात त्या भागात दरडी कोसळतात, म्हणून जुलै-ऑगस्ट टाळावेत. सप्टेंबरच्या शेवटी आकाश स्वच्छ होते, थंडी मात्र वाढलेली असते. उत्तरकाशीला दोन रात्री, हर्सिलला दोन रात्री, गंगोत्रीला दोन रात्री. हर्सिल सुमारे २,६०० मीटरवर, देवदारांच्या आणि सफरचंदांच्या बागांचे गाव. गंगोत्रीहून भोजबासा ही सातशे मीटरची चढण कोणत्याही आखणीत उरतेच. म्हणून गंगोत्रीच्या मधल्या दिवशी आम्ही चौकीपर्यंत सावकाश चढून गेलो आणि झोपायला खाली आलो. परवान्याचे शुल्क तीन दिवसांचे भरले.

तीच वाट होती, पण मला ती नवी वाटली. मागच्या खेपेस मी घड्याळ पाहत चाललो होतो. या खेपेस दरीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. पत्नी उभी राहून दाखवीत होती: नदी कोरते ती दरी इंग्रजी ‘व्ही’सारखी निमुळती असते, हिमनदी कोरते ती ‘यू’सारखी, तळाशी रुंद आणि कडांना सरळ. जेथे आज आपण चालतो तेथे एके काळी बर्फाचा प्रचंड प्रवाह होता, हे दरीच्या आकारावरून कळते. चीडबासाला आम्ही दीड तास बसलो. दशम्या खाल्ल्या. तिने दोन खाल्ल्या, हे मी मुद्दाम मोजले.

चीडबासाच्या पुढे भूर्जवृक्ष भेटतात. पांढरट-तांबूस साल पापुद्र्यांनी सुटलेली असते. कागद सर्वत्र पोहोचण्यापूर्वी उत्तरेकडे याच सालीवर ग्रंथ लिहिले जात. आपल्याकडील ग्रंथभांडारांत ताडपत्रे पाहिली होती. भूर्जपत्राचे झाड मात्र प्रथमच पाहत होतो. भोजबासा हे नावच भूर्जांच्या वस्तीवरून पडले. पण सरपणासाठी तोड होऊन ते वन विरळ होत गेले. १९८१ मध्ये नंदादेवी सर करणाऱ्या गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी ‘सेव्ह गंगोत्री’ प्रकल्पातून या परिसरात भूर्जाची रोपवाटिका आणि लागवड केली. सालीला हात लावण्याचा मोह झाला. सुटलेला पापुद्रा ओढू नये, झाडाला इजा होते, म्हणून हात मागे घेतला.

भोजबासाला दुपारी साडेतीनला पोहोचलो. थोडा थकवा होता, डोके स्वच्छ होते. सूर्य डोंगराआड गेला तरी पंचांगातला सूर्यास्त सहाच्या सुमाराचा होता; त्यापूर्वी जेवण झाले. पाणी नेहमीप्रमाणे दुहेरी फडक्याने गाळून उकळले, तरी करडेच दिसत होते. पत्नी म्हणाली की, हिमनदी आपल्या भाराखाली खडक दळत सरकते. त्या दळणाचे हे पीठ, ते फडक्यातून जाते. पातेले रात्रभर स्थिर ठेवले. सकाळी वरचे पाणी नितळ होते आणि तळाशी बोटाला गुळगुळीत लागणारा राखाडी थर बसलेला होता. त्या थराला हात लावताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी तिच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता.

सकाळी सहाला, टोपी-हातमोजे घालून, आम्ही अखेरच्या चार किलोमीटरला लागलो. हा भाग बराचसा सपाट, मग मोठमोठ्या शिळांतून वाट काढीत जाणारा. डावी-उजवीकडे दगडमातीचे लांबच लांब बांध. “हे पार्श्व हिमोढ,” ती म्हणाली. बर्फाने कडेला आणून टाकलेला हा माल. बर्फ गेले, बांध राहिले. समोर ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग शिखर उभे राहिले. एका वळणावर ती थांबली. मला वाटले, दम लागला. तिने पुढे बोट दाखविले.

मी पांढऱ्याशुभ्र बर्फाची अपेक्षा करीत होतो. समोर होता तो करड्या, मातकट रंगाचा प्रचंड कडा. वर दगडगोट्यांचा जाड थर, त्याखाली निळसर-काळपट बर्फ, भेगाच भेगा, आणि पायथ्याच्या पोकळीतून जोराने बाहेर पडणारे गढूळ पाणी. एखाद्या खाणीचा कडा ढासळल्यासारखे ते दृश्य होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फळ्यावर मी ती पांढरी काढत होते. खडू पांढरा होता म्हणून.” थोड्या वेळाने पुन्हा, “चुकीचं शिकवलं असं नाही. पण अपुरं शिकवलं.”

पुढे जाण्यास मनाई असल्याच्या जागी आम्ही पोहोचलो होतो. काही तरुण शिळांवरून आणखी पुढे गेले होते आणि तेथून हात हलवून बोलावीत होते. सांगायला संकोच वाटतो, पण माझे एक पाऊल पुढे पडले होते.

“थांबूया,” ती म्हणाली.

मी कारण विचारले नाही. आम्ही एका सपाट शिळेवर बसलो. तेथे होतो त्या तासाभरात दोन वेळा कड्यावरून बर्फाचे तुकडे सुटून पाण्यात कोसळल्याचा आवाज आला. ऊन वाढते तसे हे प्रमाण वाढते आणि ओढ्यांचे पाणीही चढते. म्हणूनच तेथे सकाळी लवकर जावे आणि दुपारपूर्वी परतावे.

त्या शिळेवर बसून तिने मला हिमनदीचे अर्थशास्त्र समजावून दिले. उंचावर हिम पडते, वर्षानुवर्षांच्या भाराने दबून त्याचे घट्ट बर्फ होते आणि ते स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागते. ही जमेची बाजू. खाली उष्णतेने ते वितळते, तुटते. ही नावेची बाजू. शास्त्रज्ञ याचा वार्षिक हिशेब ठेवतात आणि त्याला चक्क ‘मास बॅलन्स’ म्हणतात. बर्फात खांब रोवून किती थर झिजला ते मोजतात. त्यांचे वर्ष बहुधा १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते. म्हणजे आम्ही नेमके वर्षअखेरीस हिशेबाच्या वेळी तेथे बसलो होतो. आयुष्यात छत्तीस वेळा ३१ मार्चची रात्र मी बँकेत जागून काढली. असा वर्षअखेर पाहिला नव्हता.

हा हिशेब तोट्याचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये गोमुखाचे स्थान नकाशावर नोंदविले. तेथपासून १९९६ पर्यंत मुख वर्षाला सरासरी सुमारे १९ मीटर मागे हटले. एकसष्ट वर्षांत एक किलोमीटरहून अधिक. त्यानंतरच्या मोजमापांत वेग कमीअधिक आढळतो. दगडांचा थर जाड असेल तेथे बर्फ झाकले जाऊन वितळणे मंदावते, पातळ थर तापून ते वाढवतो. पण दिशा एकच आहे, मागे. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने भोजबासा येथे वर्षानुवर्षे या प्रवाहाची मोजमापे घेतली आहेत. हिमनदी वितळली तरी गंगा लगेच आटणार नाही, कारण खालच्या खोऱ्यातले बहुतांश पाणी पावसाचे असते. पण उन्हाळ्यात, पाऊस नसताना, वरच्या खोऱ्याला आधार असतो तो या बर्फाचाच. व्याजावर घर चालविणारा माणूस मुद्दलाला हात लावू लागला की आरंभी काही काळ पैसा अधिकच हाती येतो. तसेच काहीसे हे आहे.

त्या वृद्धाचे शब्द मला आठवले: गोमुख कहीं नहीं जाएगा। जुन्या सरासरीने मोजले तर आमच्या दोन फेऱ्यांमधल्या सोळा महिन्यांत ते पंचवीस मीटर गेलेले असणार. त्याचा सल्ला मात्र पूर्ण खरा होता.

परतताना भोजबासाला आणखी एक रात्र राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सावकाश गंगोत्रीला उतरलो. चौकीवर रिकामे पुडे, औषधांची पाकिटे आणि बाटल्या मोजून दाखविल्या. वाटेत उचललेली, दुसऱ्या कोणाची तरी, तीन वेष्टनेही त्यांत होती. अनामत परत मिळाली.

स्वतंत्रपणे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रकृतीची तपासणी करून घ्यावी आणि दाखला जवळ ठेवावा. परवान्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून वनखात्याकडे आधी चौकशी करावी. गंगोत्रीत किमान दोन रात्री काढाव्यात. गंगोत्रीनंतर दूरध्वनीचा भरवसा नाही. परतीचा दिवस घरी सांगून ठेवावा आणि हाती एक-दोन दिवस राखीव असावेत. उबदार कपड्यांचे थर, पावसाचा कोट, सरावाचे बूट, हातात काठी. एकट्याने जाऊ नये. सोबत असा माणूस असावा ज्याचे ‘थांबूया’ आपण ऐकू.

आमच्या घरी आता पाहुण्यांची मुले आली की पत्नी त्यांना हिमनदीची आकृती काढून दाखविते. पांढऱ्या खडूने पट्टा काढून झाला की ती खडू आडवा धरून त्यावर मातकट रंग भरते, आणि टोकाशी, नदीच्या उगमापासून थोडे अलीकडे, एक छोटी आडवी रेघ ओढते. मुले विचारतात, ही रेघ कसली? ती सांगते, “इथपर्यंत जायचं, आणि इथे थांबायचं.”